एकाहत्तर विरुद्ध शून्य

३ सप्टेंबर

ठमाबाई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चित्रातला पूल छान आहे, पण मागे चारच ओळी लिहिल्यास. एवढ्याशा मजकुरासाठी एवढा मोठा पूल पाठवायची गरज नव्हती.

इथे एक नवीन लचांड आलं आहे. सहकारी संस्थांचा कायदा बदलला. आता दर तीन वर्षांनी गुप्त मतदान घेऊनच पदाधिकारी निवडायचे, नाहीतर मिठागराचा भाडेपट्टा रद्द. मुदत नोव्हेंबरअखेर, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. कचेरीतून निबंधकबाई आल्या होत्या. तरुण, चुणचुणीत, सारख्या घड्याळ बघणाऱ्या. मला विचारतात, "तुमचं पद नक्की काय?" म्हटलं, उघाडीवाला. "म्हणजे?" आता काय सांगणार? त्यांना बांधावर नेलं, ते लाकडी दार दाखवलं. म्हटलं, भरतीचं पाणी यातून आत घेतो, मोठ्या तळ्यात ठेवतो, उन्हाने दाट झालं की पाटातून एकेका वाफ्यात सोडतो. कुणाला आधी, कुणाला नंतर, किती वेळ, हे मी ठरवतो. मीठ धरलं असताना पाणी जास्त झालं तर सगळं विरघळतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सत्तेचं पद आहे." मला हसू आलं. वर्षभर गुडघाभर चिखलात उभा असणारा सत्ताधीश तू पाहिलायस का कुठे?

आपली बैठक त्यांना पटली नाही. घरटी एक माणूस, सव्वीस घरांचे सव्वीस जण, लांब टेबलाभोवती बसायचं, आणि शेवटचा माणूस "चालेल" म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. आजोबांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. मला उघाडी दिली तेव्हा आपल्या परंतुकाकांनी दोन दिवस लावले होते. प्रत्येक वाक्याला "परंतु". पण एकदा "चालेल" म्हणाले, त्यानंतर एकोणीस वर्षांत एका शब्दाने कुरकुर नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो हाच.

ही मतदानाची पद्धत पश्चिमेकडच्या लोकांनी काढली, त्यांना लखलाभ. त्यांच्याकडे शेजाऱ्याशी वर्षभर बोललं नाही तरी चालतं. इथे शेजाऱ्याचा बांध फुटला की माझं मीठ वाहून जातं. एक्कावन्नांनी एकोणपन्नासांना हरवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभरांनी त्याच बांधावरून एकामागून एक चालायचं, हे कसं जमायचं? एकाच्या पायाच्या मापाचा बूट सगळ्या जगाने घालावा हा हट्ट कशासाठी?

पण तू जगभर निवडणुका तपासत फिरतेस, तेव्हा घरच्यांच्या उपयोगी पड. रीतसर कसं करतात ते लिही. वहिनी विचारते, थंडीचे कपडे पुरेसे आहेत का.

दादा

*

१६ सप्टेंबर

प्रिय दादा,

मतदान पश्चिमेच्या लोकांनी काढलं हे खरं. सायकलही त्यांनीच काढली. तू रोज मिठागरावर कशावरून जातोस? तेव्हा बुटाचं काही सांगू नकोस.

आता कामाचं ऐक. पेटी लाकडाची चालेल, कुलूप हवं, आणि फटीतून फक्त घडी केलेला कागद जावा, हात जाऊ नये. एका कोपऱ्यात पडदा लाव. पडदा जमिनीपासून गुडघ्यापर्यंत उंच ठेव, म्हणजे आत एकच जोडी पाय आहेत हे बाहेरून दिसेल. हे फार महत्त्वाचं आहे. मी नऊ देशांत पडद्याखालून पाय मोजले आहेत आणि तीन ठिकाणी चार पाय निघाले. पेन दोरीने बांधून ठेव. पेनं पळतात, यात पूर्व-पश्चिम काही भेद नाही. मोजणी सगळ्यांसमोर, मोठ्याने.

आणि मुख्य म्हणजे, नव्या कायद्यात घरटी एक नाही. वाफ्यावर काम करणारं प्रत्येक सज्ञान माणूस सभासद. म्हणजे बायकाही. हे निबंधकबाईंनी सांगितलंच असेल, तू लिहायला विसरलास.

तुला गंमत वाटेल, पण तुझं पत्र वाचून मला आनंद झाला. इथे मी भाड्याच्या खोलीत, खडखडणाऱ्या हीटरपाशी बसून परक्यांच्या मतपेट्यांचे अहवाल लिहिते. आपल्या मिठागरावर पेटी येईल असं कधी वाटलं नव्हतं. एक माणूस, एक पडदा, आणि आत कुणी बघत नाही. दादा, जगात इतकी थोडी ठिकाणं आहेत जिथे माणसाकडे कुणी बघत नसतं.

पाचामुखी परमेश्वर असेलही. पण पाच जण एकाच्या तोंडाकडे टक लावून बसले, तर त्या एकाच्या मुखी कोण असतो, हाही एक प्रश्न आहे. असो.

कपडे पुरेसे आहेत. वहिनीला सांग.

तुझी,
ठमी

*

९ ऑक्टोबर

ठमाबाई,

आपली निवडणूक रद्द झाली. तुझ्या सगळ्या सूचना पाळूनसुद्धा! वाच आणि न्याय कर.

पेटी म्हणून आपली हत्यारांची जुनी पेटी घेतली. बिजागरी सैल होती, ती नवे स्क्रू मारून मीच पक्की केली. पडदा म्हणजे वहिनीची निळी चादर, बरोब्बर गुडघ्यापर्यंत. पेन दोरीला. एकाहत्तर सभासद झाले, निम्म्या बायका. कागदावर एकच प्रश्न: उघाडीवाला म्हणून हेच राहावेत का? हो, नाही. फुली मारायची.

आता आदल्या दिवशी आम्ही बैठक घेतली. उद्या मतदान आहे म्हटल्यावर आज बसून ठरवायला नको? आयत्या वेळी प्रत्येकाने मनाला येईल ते लिहिलं तर केवढा घोळ व्हायचा! दुपारपर्यंत सगळं ठरलं. परंतुकाकांनी "परंतु"सुद्धा तीनच वेळा म्हटलं. सगळ्यांनी "हो" द्यायचं, घरी जाऊन बायकांना सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सगळे धुतलेले कपडे घालून आले. आपला लंबू पडद्यामागे उभा राहिला तर डोकं वर दिसत होतं, म्हणून त्याला उकिडवं बसवलं. परंतुकाका आत गेले ते वीस मिनिटं बाहेर येईनात. निबंधकबाईंनी हाक मारली तर आतून म्हणतात, "गुप्त आहे!" जन्मात पहिल्यांदा त्यांना एवढी निवांत जागा मिळाली होती.

मोजणी झाली. एकाहत्तर विरुद्ध शून्य.

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "असं होत नाही." म्हटलं, झालंय की. त्यांनी परंतुकाकांना विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव होता का?" काका म्हणाले, "अहो, यांच्यावरच आमचा दबाव असतो." मग त्यांनी लंबूला विचारलं, मत कसं ठरवलं? तो भाबडा म्हणाला, "काल बैठकीत ठरवलं ना सगळ्यांनी." झालं. बाईंनी कागद काढला, त्यावर लिहिलं, "पूर्वनियोजित. ग्राह्य नाही." पुन्हा घ्या म्हणाल्या, मुदतीच्या आत.

मला सांग, चोरी कुणी केली? कुणी धमकावलं? एकमत हा गुन्हा कधीपासून झाला? तुमच्या पद्धतीत भांडण दिसल्याशिवाय निवडणूक खरी वाटत नाही का? आणि सगळीकडे हीच पद्धत पाहिजे म्हणून तुम्ही पेट्या घेऊन जगभर हिंडता. आम्ही आधी भांडतो आणि मग एक होतो, तुम्ही आधी मोजता आणि मग जन्मभर भांडता. यातलं शहाणपण कुठलं?

रागावून लिहितोय, पण तुझ्यावर नाही.

दादा

*

२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

लंबूला उकिडवं बसवलंत हे वाचून मी एवढी हसले की घरमालकीण दार वाजवून गेली. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

निबंधकबाई चुकल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर तेच लिहिलं असतं. शंभरातले शंभर एका बाजूला दिसले की आम्हाला शिकवलेलं असतं, आधी भीती शोधा. बहुतेक वेळा ती सापडते. बंदुकीची नसते नेहमी. कधी मुकादमाची, कधी सासऱ्याची, कधी नुसती शेजाऱ्यांच्या नजरेची.

बहुतेक वेळा सापडते, असं मी लिहिलं. नेहमी नाही. मागच्या वर्षीचं एक गाव माझ्या डोक्यातून जात नाही, तीनशे बारा मतांचं. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

तू एक कर. या वेळी आदल्या दिवशी बैठक घेऊ नकोस. कुणालाही काही सांगू नकोस. लोकांना एकेकटं जाऊ दे. काय होईल ते होईल. तू निवडून येशीलच, तुला भीती कसली?

ठमी

*

१४ नोव्हेंबर

ठमे,

तुझं ऐकलं नाही. आता ऐकायला हवं होतं की नको, तेही कळत नाही.

पुन्हा एकाहत्तर-शून्य झालं तर भाडेपट्टा जाईल, ही सगळ्यांना धास्ती. मग बैठकीत ठरलं की नऊ जणांनी "नाही" द्यायचं. नऊ म्हणजे खरं वाटेल, फार नाही, कमी नाही. परंतुकाका म्हणाले, मला सवय आहे, मी देतो. बाकीचे कुणी तयार होईनात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांच्या नावाच्या निघाल्या त्यांची तोंडं बघवत नव्हती. त्यातली एक बाई घरी येऊन रडून गेली, "भाऊजी, मनात काही नाही हो माझ्या." मी म्हटलं, अगं, नाटकात खलनायक झाला म्हणून कुणी वाईट होतं का?

परवा मतदान झालं. निबंधकबाई मोठ्याने मोजत होत्या. हो, हो, नाही, हो. नववा "नाही" आला तेव्हा लंबूने मला डोळा मारला. मग दहावा आला. मग अकरावा. पंधराव्यानंतर मी मोजायचं सोडलं.

चाळीस विरुद्ध एकतीस.

बाई खूश झाल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन, आता ही खरी निवडणूक." मी निवडून आलो, ठमे. भाडेपट्टा वाचला. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे खाली मान घालून चपला शोधत होते.

नऊ वजा केले तरी बावीस उरतात. आणि त्या नऊ जणांनी तरी "नाही"च दिलं का, देव जाणे. एकोणीस वर्षं मी उघाडी उचलतोय. एकाने, एकाने तरी तोंडावर काही म्हटलं असतं! कोणाचं मी काय वाईट केलंय? पाणी सोडायचा क्रम मी लावलेला नाही, उतारच तसा आहे. सहा-सात नंबरला आधी जातं कारण ते उघाडीजवळ आहेत. तळवाफ्याच्या काकूंना शेवटी मिळतं कारण त्या शेवटी आहेत. त्यात माझा काय दोष?

आता बांधावरून जाताना कुणी हसलं तरी वाटतं, हा त्यातला असेल. कुणी नाही हसलं तरी वाटतं. काल लंबूने चहा पुढे केला तो मी घेतला नाही. लहानपणापासूनचा मित्र आहे माझा.

नियमाप्रमाणे पेटी तीन महिने सीलबंद ठेवायची, तक्रार आली तर. ती माझ्या उघाडीच्या खोलीत ठेवली आहे. कुलपाची किल्ली बाईंकडे आहे, लाखेचं सील कुलपावर आहे. पण बिजागरीचे स्क्रू मीच बसवलेत, चारच आहेत. आणि इथल्या प्रत्येकाचा हात मी ओळखतो. लंबूची फुली चौकटीबाहेर जाते. तळवाफ्याच्या काकू पेन असं दाबतात की कागदाच्या मागे उमटतं. पाच मिनिटांचं काम आहे.

फक्त मला कळेल. कुणाला सांगणार नाही.

दादा

*

२३ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र मिळताक्षणी पेटी त्या खोलीतून हलव. उघडली नसशील अशी आशा आहे. नियम म्हणून सांगत नाही. तू ती उघडलीस तर त्या माणसांना आयुष्यात एकदाच मिळालेली पडद्यामागची जागा तू परत घेशील, आणि त्यांना ते कळेलही. तुझ्या तोंडावर काही लपत नाही.

तू विचारतोस, एकाने तरी तोंडावर का नाही म्हटलं. त्याचं उत्तर मी सव्वीस वर्षं तुझ्यापासून लपवलं आहे. आज देते.

बाबा गेले त्या वर्षीची बैठक तुला आठवते? तू सगळ्यांना सांगतोस, "ठमीने हसत हसत सातवा वाफा मला दिला." बाबांनी मला शब्द दिला होता, सहावा तुझा, सातवा माझा. मी सतराव्या वर्षापासून त्याच्यावर मीठ गोळा करायची फळी ओढत होते. माझ्या हाताचे घट्टे तुझ्यापेक्षा मोठे होते. आपल्या घरचा प्रश्न म्हणून बैठकीत मलाही बसवलं होतं. सगळे म्हणाले, दोन्ही वाफे एका हातात राहावेत, मुलगी आज ना उद्या जाणार. मी म्हटलं, मी जाणार नाही. मग सगळे गप्प बसले. कुणी ओरडलं नाही, कुणी धमकावलं नाही. नुसते बसून राहिले. नियमच होता, शेवटचं "चालेल" येईपर्यंत कुणी उठायचं नाही.

दुपार गेली. लंबूची आई घरी आजारी होती, त्याला तिच्याकडे जायचं होतं. एकीच्या मांडीवर बाळ रडत होतं. सगळे उपाशी, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तू माझ्या शेजारी बसला होतास, दादा. तू टेबलाकडे बघत होतास. मग कुणीतरी उठून दिवा लावला. तो दिवा लागला आणि मला वाटलं, एवढ्या लोकांना मी छळते आहे. मी म्हटलं, "चालेल." आणि हसले. सगळ्यांनी सुस्कारा टाकला, तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो इतका प्रेमाने देता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

तीन महिन्यांनी मी शहरात निघून आले. तुम्हाला वाटलं शिकायला आले.

त्या दिवशी पेटी असती तरी मी हरलेच असते. सव्वीस विरुद्ध एक. पण माझा नकार कुठेतरी लिहिलेला राहिला असता. तुमच्या वहीत "सर्वानुमते" लिहिलं आहे.

म्हणून मी हे काम धरलं. पडदा लावत जगभर हिंडले. वाटायचं, जिथे जिथे पडदा लावीन तिथे एखादी ठमी वाचेल. आणि तरीही, दादा, तू पहिल्या पत्रात विचारलंस ते मला छळतं. बूट सगळ्यांना होतो का? ते तीनशे बारा मतांचं गाव. सगळी मतं एकाला. मी भीती शोधली, सापडली नाही, तरी "संशयास्पद" लिहिलं, कारण फॉर्मवर "माहीत नाही" असा रकानाच नव्हता. त्यांची मतं रद्द झाली आणि त्यांचा उमेदवार एकशे ऐंशी मतांनी पडला. निघताना एक म्हातारी दुभाष्यामार्फत म्हणाली, "आम्ही आमचं भांडण आधीच करून घेतलं होतं. तुम्ही मोजायला उशिरा आलात." मी खूप विचार केला आहे. ती खरं बोलत होती, की त्या गावातही कुणीतरी दिवा लागल्यावर "चालेल" म्हटलं होतं? मला माहीत नाही. नऊ देश हिंडून मला एवढंच माहीत नाही.

तुला दुखवायचं नव्हतं. पेटी हलव.

ठमी

*

१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमची दोन पत्रं येऊन पडलीत, हे उत्तर लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. माझं अक्षर चालवून घ्या.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र यांनी मला वाचायला दिलं. त्या दिवसापासून घरात कामापुरतंच बोलणं. पेटी काही हलवली नाही. रोज जेवणाचा डबा द्यायला जायचे तेव्हा हे पेटीसमोर स्टुलावर बसलेले. परवा गेले तर हातात स्क्रूड्रायव्हर, आणि तीन स्क्रू बाहेर काढून बशीत ठेवलेले. मी डबा खाली ठेवला. म्हटलं, "चौथा काढायच्या आधी एक ऐका, म्हणजे शोधायला एक कमी होईल. त्यातलं एक मत माझं आहे."

वन्सं, एवढी घाबरले मी आयुष्यात कधी नव्हते. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुझी चिठ्ठी निघाली नव्हती." म्हटलं, नव्हती.

मग सांगून टाकलं. सहा-सात नंबरवर मीच काम करते ना? आपलं मीठ पांढरंशुभ्र धरतं तेव्हा तळवाफ्याच्या काकू पातळ पाण्यात उभ्या असतात. बावीस वर्षं बघते. बैठकीत मी काय, चहा देणार. चहा देताना कोण काय बोलतं ते ऐकू येतं, आणि कोण बोलत नाही तेही. यांना घरी कितीदा म्हटलं, क्रम बदलून बघा. हे म्हणायचे, कुणाची तक्रार आहे का? तक्रार करायची तर सगळ्यांना उपाशी ठेवून बसायचं, कोण करणार? निळी चादर माझीच. तिच्यामागे गेले आणि वाटलं, इथे तरी खरं लिहावं.

यांनी चौथा स्क्रू होता तसा राहू दिला, बाकीचे तीन परत पिळले. जेवले नाहीत पण डबा घरी घेऊन आले. आज सकाळी पेटी सायकलला बांधून कचेरीत नेली आहे. अजून आले नाहीत. माझ्याशी बोलतील की नाही, कोण जाणे.

तुमच्या सातव्या वाफ्यावर मी इतकी वर्षं राबले. मला कुणी सांगितलं नव्हतं तो तुमचा आहे. माहीत असतं तर एक पत्र तरी लिहिलं असतं.

तुमची,
वहिनी

*

२ मार्च

ठमे,

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. उत्तर लिहायला बसलो की पहिलं वाक्य यायचं, "मला माहीत नव्हतं." ते खोटं आहे म्हणून खोडायचो. मी टेबलाकडे बघत होतो ते माहीत होतं म्हणूनच बघत होतो. माफी मागतो. उशीर झाला आहे, तरी मागतो.

वहिनीशी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी तीच म्हणाली, "हरलात तर नाही ना? मग एवढं काय?" तिला म्हटलं, अगं, चाळीसांनी जिंकवलं ते कळलंच नाही मला, एकतीसांनीच सगळी जागा व्यापली. ती म्हणाली, मग त्यांनाच जागा द्या.

बाकीचे कोण ते मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. निबंधकबाईंनी माझ्यासमोर पेटी आत ठेवली. सुरुवातीला हे न कळणं फार जाचायचं. मग एक गंमत झाली. समोर येईल तो त्यातला असू शकतो म्हटल्यावर प्रत्येकालाच विचारावं लागतं, "तुझ्याकडे पाणी कसं येतं?" एकोणीस वर्षं सगळे माझ्या बाजूचे आहेत म्हणून मी कुणालाच विचारलं नव्हतं. लंबूकडे जाऊन चहा मागून प्यायलो. तो त्यातला आहे की नाही हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याने साखर मात्र दुप्पट घातली.

या हंगामात पहिलं पाणी तळवाफ्याला गेलं. उतार आड आला, मग बाजूने नवा पाट खणला, अकरा दिवस लागले. आपल्या सहा नंबरचं मीठ यंदा थोडं मळकट धरलंय. वहिनी ते बघून हसते.

तू म्हणशील, शेवटी आला ना बुटात पाय? तसं नाही. बूट अजून चावतो. नुसती पेटी ठेवली असती तर चाळीसांनी एकतीसांना कधी विचारलंच नसतं, त्यांना गरजच नव्हती. आणि नुसती बैठक ठेवली असती तर मला एकतीस आहेत हेच कळलं नसतं. आता आम्ही दोन्ही करतो. आधी बसतो, मग पडद्यामागे जातो. निबंधकबाई म्हणतात, असं नियमात कुठेच नाही. आम्ही म्हटलं, "माहीत नाही" हा रकानाही नाही म्हणे, तोही घाला. हे तुझंच वाक्य, न विचारता वापरलं.

बैठकीचा एक नियम मात्र बदलला. आता दिवा लावायची वेळ झाली की बैठक संपते. ज्याचं "चालेल" राहिलं असेल त्याचं राहू द्यायचं, आणि वहीत तसं लिहायचं. परंतुकाकांनी याला कडाडून विरोध केला. म्हणाले, माझी उभी हयात गेली यात, आता दिवा लागला म्हणून घरी जाऊ? त्यांचा विरोध पहिला लिहिला. वही उघडून त्यांनी तो तीनदा वाचला.

मग मी जुनी वही काढली, बाबा गेले त्या वर्षीची. म्हटलं, यात एक चूक आहे, दुरुस्त करायची आहे. तू लिहिलेलं सगळ्यांना सांगितलं. वाचून नाही दाखवलं, ते माझ्याच्याने झालं नसतं. जे त्या दिवशी टेबलाभोवती होते त्यातले सात जण उरलेत. लंबू म्हणाला, "आईला बरं नव्हतं. मी ठमीकडे रागाने बघितलं होतं. आठवतंय मला." तो रडायला लागला. काही जण म्हणाले, सव्वीस वर्षांपूर्वीच्या कागदाला हात लावू नये. मग पडद्यामागे गेलो. दुरुस्तीच्या बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध तेरा. तेरा जणांना नको होतं, हे कळलं ते बरं झालं.

सातवा वाफा तुला परत देतो असं मी म्हणत नाही, कारण तो मी देण्याचा नाही. तुला हवा असेल तर येऊन बैठकीपुढे मांड. त्या वेळी मी खोलीबाहेर बसेन. वहिनी आत बसेल, तिला आता मत आहे.

वहीतलं "सर्वानुमते" मी खोडलं नाही. त्यावर बाबांच्या मित्रांच्या सह्या आहेत. त्याच्या खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, "विरोध: एक." पुढे जागा कोरी ठेवली आहे. सही तुझी तू येऊन कर.

दादा